आबांच्या डबीतली १२० पानं

सावंतवाडी,
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

ती. आई, ती. बाबा यांस
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, हे पत्र तुम्ही आईला वाचून दाखवा. तिच्या डोळ्याच्या ऑपरेशनला अजून दीड महिनाही झालेला नाही, तिने अक्षरावर डोळे ताणायचे नाहीत. आई, तू कागद ओढून घेशील हे मला माहीत आहे, म्हणून अक्षर मोठं काढलंय. पण नकोच.

आज तू महालक्ष्मीचा घट मांडला असशील. उपास आहे तर नुसत्या चहावर राहू नकोस. राजगिऱ्याचे लाडू फडताळातल्या निळ्या झाकणाच्या डब्यात आहेत, मी दिवाळीत ठेवून आलेय. त्याच दिवाळीत, लाडू भरताना, तुला सगळं सांगणार होते. जीभ रेटली नाही. फोनवर चार वेळा सुरुवात केली, प्रत्येक वेळी तू "जेवलीस का?" विचारलंस आणि मी जेवणाचंच बोलत राहिले.

मी बँकेच्या कामासाठी सावंतवाडीला आलेय असं तुम्हाला सांगितलं होतं. ते खरं नाही. जूनमध्ये मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला आणि सप्टेंबरअखेर बँक सोडली. तुमच्याशी मी खोटं बोलले. त्याची माफी आधी मागते, बाकीचं मग सांगते.

बाबा, तुम्ही म्हणाल, अजून आठ वर्षं होती. होती. पण सत्तावीस वर्षं झाली होती हेही धरा. गेल्या वर्षी माझा रक्तदाब बराच वर गेला होता, ते तुमच्यापासून लपवलं, कारण तेव्हा तुमचीच तपासणी चालू होती. आता गोळी सुरू आहे, इथे आल्यापासून दोनदा मोजला, दोन्ही वेळा ठीक होता. काळजी करू नका. पैशांचीही करू नका. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळाली, पेन्शनचे कागद झाले. घराचं कर्ज तीन वर्षांपूर्वीच फिटलंय. लेकीचं शिक्षण झालं, ती तिच्या पायावर उभी आहे. आणि अर्ज देण्याआधी यांना विचारलं होतं. "तू जा, मी भात-आमटी करून खाईन," एवढंच म्हणाले. महिन्यातून दोन शनिवार-रविवार ते इथे येतात. घरात काही बिनसलेलं नाही, आई. तुझ्या मनात पहिलं तेच येईल, म्हणून आधीच लिहून टाकते.

निवृत्त झाल्यावर सांगलीला येऊन राहीन असं मी म्हणाले होते, ते विसरलेले नाही. मी येणारच आहे. पण वैशाखापर्यंत मला इथलं एक काम पुरं करू द्या. बाबा, ते काम तुमचंच आहे. वैशाखात तुमच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशीच तुमच्या हातात द्यायचं ठरवलं होतं. तोवर लपवणं काही जमणार नाही.

मी आबांची डबी करतेय. गंजिफांची, हाताने रंगवलेल्या त्या गोल पत्त्यांची. सगळी १२० पानं.

तो मे महिना तुम्हाला आठवत असेल. मी सहा वर्षांची होते. सोप्यात भातुकली मांडली होती आणि ताटल्या कमी पडत होत्या. गोल, चकचकीत, मागून लाल लाखेची ती पानं मला ताटल्याच वाटली. एकावर भडंग, एकावर गुळाचा खडा, एकावर तिखटमीठ लावलेली कैरी. कैरीचं पाणी सुटून रंग ओघळायला लागला, तरी मला कळलं नाही. तुम्ही शाळेतून आलात. दारात उभे राहून बघितलंत, चपला काढल्यात, पाय धुतलेत, आणि माझ्यासमोर मांडी घालून बसलात. मत्स्याच्या राजावर वाढलेलं भडंग तुम्ही एकेक दाणा करून खाल्लंत. "छान झालंय," म्हणालात. रात्री मला जाग आली तेव्हा तुम्ही कंदिलाजवळ बसून मऊ धोतराच्या तुकड्याने एकेक पान टिपत होता. सहा वर्षांच्या पोरीचा हात माळ्यापर्यंत कसा पोचला, हे तुम्ही मला कधी विचारलं नाहीत. दादालाही विचारलं नाहीत.

त्यातूनही काही पानं राहिली होती. २००५च्या पुरात ती वाचली आणि २०१९च्या पुरात गेली. ट्रंकेतून लगदा निघाला तेव्हा मी तिथेच होते. तुम्ही गच्चीवर वर्तमानपत्रं पसरून तो लगदा सुकवायला ठेवलात, आणि हाती एकच पान लागलं. कमंडलूंची तिर्री, वामनाच्या पानांतली. ती तुमच्या पोथीत खुणेला आहे. मला तिचा फोटो हवाय, समोरून आणि मागून, आणि पट्टी शेजारी ठेवून. वरच्या मजल्यावरच्या मुलाला सांगा, तो काढून पाठवेल. पान पोथीतून काढताना कडेला धरा, मध्ये बोट लावू नका.

इतिहासाच्या मास्तरांना मी काय सांगावं, पण एक सांगतेच. बाबराने सिंधमध्ये ठट्ट्याला, शाह हसनला, गंजिफा पाठवल्या, त्याची त्याने स्वतः केलेली नोंद १५२७ सालची आहे. खानव्याची लढाई त्याच वर्षीची. तुम्ही वर्गात ते सन घोकून घेत होता, आणि त्याच साली आपल्या डबीची पूर्वज मंडळी उंटावरून कुठेतरी चालली होती, हे वाचून मला तुम्हाला तिथल्या तिथे फोन करावासा वाटला. खेळ मुळात इराणातून आलेला. इकडे आपल्या लोकांनी त्यात दशावतार बसवले. दहा अवतार, प्रत्येकाचा राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं. इथे सावंतवाडीत ही कला जवळजवळ बुडाली होती. शिवरामराजे भोंसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी म्हाताऱ्या पुंडलिक चिताऱ्यांना गाठून ती पुन्हा उभी केली. राणीसाहेब स्वतः शिकल्या. आजही राजवाड्याच्या दरबारात कारागीर खाली बसून पानं रंगवतात. दहा वर्षांपूर्वी आम्ही गोव्याहून येताना तिथे थांबलो होतो, तेव्हा मी एका पानासमोर अर्धा तास उभी होते. कुठलं ते तुम्ही ओळखाल. मत्स्याचा राजा.

मी शिकते ते एका ताईंकडे, त्यांच्या घरी. पहिले पंधरा दिवस कुंचला हातात मिळाला नाही. नुसती खळ. आई, हे तुझ्यासाठी लिहितेय. चिंचोके भाजायचे, वरची तपकिरी साल काढायची, रात्रभर भिजवायचे, वाटायचे आणि मंद आचेवर शिजवायचे. त्या खळीने कापडाचे थर एकावर एक चिकटवायचे, वाळले की खळीतच खडूची पूड कालवून लेप द्यायचा, गुळगुळीत दगडाने घोटायचा, मग गोल कापायचे. आता बाजारात तयार पुठ्ठा मिळतो आणि बरेच जण तोच घेतात, पण आबांची पानं कापडाची होती, म्हणून मला कापडाचीच हवीत. तर ती खळ. सगळ्यांच्या खळीत सुरुवातीला गुठळ्या होतात. माझ्या झाल्या नाहीत. ताईंनी पळी उचलून धार बघितली आणि विचारलं, "हात बसलेलो आसा तुमचो, खंय शिकलात?" मी काय सांगणार? तू पिठलं करताना मला पाटावर बसवायचीस, एका हाताने पीठ वैरायचीस, दुसऱ्या हाताने ढवळायचीस, आणि म्हणायचीस, "हात थांबला की गाठ झाली." मी तेव्हा ते शिकतेय असं मला वाटतही नव्हतं. त्या दिवशी खोलीवर येऊन मी रडले. दुःखाने नाही, हेही सांगून ठेवते.

आणखी एक कबुली तुझ्यापाशी. तुझ्या हुलग्याच्या माडग्याला मी लहानपणी नाक मुरडलं, मोठेपणीही मुरडलं. इथे काकू (माझ्या घरमालकीण, सत्तरीच्या आहेत) रात्रीला कुळथाची पिठी करतात. लसणाची फोडणी, त्यात पाण्यात कालवलेलं पीठ, दोन आमसुलं, आणि गरम भातावर पळीभर. मी तिसऱ्यांदा मागून घेतली तेव्हा विचारलं, कुळीथ म्हणजे नक्की काय? त्यांनी डब्यातून मूठभर काढून दाखवले. हुलगेच ते, आई. तेच लालसर, चपटे. इतकी वर्षं ज्याला मी नको म्हणाले तेच मी इथे बोटं चाटून खात होते. सांगलीला आले की माडगं कर. तुझ्या पद्धतीनेच, गूळ घालून.

खाण्याची आबाळ अजिबात नाही. सकाळी उकड्या तांदळाची पेज, सोबत लोणच्याची फोड. कधी आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. परवा खापरोळ्या केल्या होत्या, गुळाच्या नारळरसात बुडवलेल्या. दोन खाल्ल्या आणि तिसरी यांच्यासाठी ठेवली. ज्वारीची भाकरी मात्र मिळत नाही, पीठ मी दिवाळीला आपल्याकडून आणलंय, आठवड्यातून दोनदा थापते. काकू शेजारी उभ्या राहून बघतात. घर कौलारू आहे, मोती तलावापासून सात-आठ मिनिटांवर. खोलीला वेगळा दरवाजा आहे, आतून आडणा आहे. खाट आहे, जमिनीवर झोपत नाही. मच्छरदाणी आहे. अंघोळीला गरम पाणी आहे. तू दिलेली गोधडी अंगावर असते, पहाटे खरंच लागते. डॉक्टर चार घरं सोडून आहेत. आणखी काय विचारशील? संध्याकाळी तलावाच्या काठाने दोन फेऱ्या मारते, चप्पल चांगली घेतली आहे.

बाबा, आजवर १२० पैकी ३४ पानं झाली. साधं पान दिवसात होतं, राजाला तीन दिवस लागतात. पान डाव्या हातात धरून फिरवायचं आणि कुंचला एका जागी ठेवायचा, म्हणजे कडेची रेघ गोल येते. रेघ पुरी होईपर्यंत श्वास रोखायचा. डोळे सगळ्यात शेवटी. गणपतीवाले आखणी करतात तसेच.

नरसिंहाचा राजा काढत होते तेव्हा वीज गेली. आपल्याकडे वीज गेली की तुम्ही मला आणि दादाला उंबऱ्यावर बसवून ती गोष्ट सांगायचात. ना दिवस ना रात्र, ना घरात ना बाहेर. आणि दर वेळी विचारायचात, "सांगा, आता आपण आत आहोत की बाहेर?" दादा म्हणायचा आत, मी म्हणायचे बाहेर, आणि तुम्ही म्हणायचात दोघंही बरोबर. मी मेणबत्तीच्या उजेडात आयाळ पुरी केली. दादाच्या वेळेपासून मी देवघरात बसले नाही, आई, तुला ते किती लागलं हे मला माहीत आहे. तू कधी बोलली नाहीस, फक्त माझ्या वाटणीचं फूलही तूच वाहत राहिलीस. मी आता एकदम बदलले असं म्हणणार नाही. पण रोज सकाळी अंघोळ करून, पाटावर बसून, चार तास एकाच रूपाकडे बघत बसायचं, हे मी अडीच महिने करतेय. उठवत नाही. परवा जत्रेत दशावतारी नाटक बघायला काकूंबरोबर रात्रभर बसले (शाल होती, कानाला मफलर होता). पहाटे दिंडीदरवाजातून बाहेर पडताना माझे हात आपसूक जोडले गेले. कोणासमोर, ते मी शोधत बसले नाही.

आणि नववा अवतार. मूळ संचात तिथे बुद्ध असतो. पण तुम्ही मला जुन्या पंचांगावरचं चित्र दाखवलं होतं, त्यात नवव्या जागी विठ्ठल होता. मी ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, बुद्ध काढा, मग हौस असेल तर वेगळं पान करा. मी दोन्ही केले. डबीत बुद्धच आहे. कमरेवर हात ठेवलेलं १२१वं पान आईच्या देवघरासाठी आहे. ते खेळायचं नाही.

आता थोडं ऐका, आणि रागावू नका. नरसिंह काढून झाल्यावर पहिली आठवण त्या उंबऱ्याचीच आली, कारण दसऱ्याला तुम्ही त्यालाच अडखळला होता, बाबा. आई बोलली नाही, पण मला कळलं. त्या उंबऱ्याला वरून पिवळ्या रंगाचा पट्टा मारून घ्या, या आठवड्यातच. रात्री सोप्यातला छोटा दिवा चालू ठेवायचा, बिल माझ्याकडे. बीपीची गोळी चहाबरोबर नाही, पाण्याबरोबर. आणि "आज बरं वाटतंय" म्हणून चुकवायची नाही. लोणचं बंद म्हणजे बंद, खारही नाही. आई, तू स्टुलावर चढून माळ्यावरचं काही काढायचं नाहीस. डोळ्यांतले थेंब अजून संपलेले नाहीत, थेंब घालून झाले की पाच मिनिटं डोळे मिटून पडून राहायचं, लगेच फोडणीला उठायचं नाही. संकष्टीला गणपतीच्या देवळात रिक्षानेच जा. रिक्षावाल्याला मी महिन्याचं सांगून ठेवलंय, तो येईल, त्याला परत पाठवू नका. दुसऱ्या डोळ्याची तारीख डॉक्टर देतील, ती मला आधी कळवा. त्या आठवड्यात मी तिथे असेन, कुंचला इथे ठेवून. पहाटे निघाले तर आंबोली, आजरा, कोल्हापूर करत दुपारच्या जेवणाला मी सांगलीत पोचते. तुम्ही हाक मारलीत आणि मी आले नाही, असं होणार नाही. नोकरीत असताना ते झालं होतं, दोनदा. आता ते कारण उरलेलं नाही.

आई, फाल्गुनात तू वर्षाची चिंच फोडायला घेशील. बाईकडून फोडून घे, तू नुसती शेजारी बस. चिंचोके टाकू नकोस. आम्ही काचापाणी खेळायचो तेव्हा तू जुन्या उशीच्या अभ्र्यात भरून ठेवायचीस, तसेच ठेव. शेवटची तीस-चाळीस पानं मला आपल्याच घरच्या चिंचोक्यांच्या खळीने करायची आहेत.

आणि एक मागणं आहे. पत्ते म्हणजे जुगार, असं तू म्हणतेस आणि आबांची डबीही तुला घरात नकोशी वाटायची, हे मला माहीत आहे. इथे सांगतात की पान टाकताना त्या अवताराचं नाव घ्यायचं. दिवसा ज्याच्या हातात रामाचा राजा येईल त्याची उतारी. दिवेलागण झाली की कृष्णाच्या राजाची. पाच अवतारांत दश्शी मोठी असते, उरलेल्या पाचांत एक्का, तेवढं लक्षात ठेवावं लागतं. बाबा तुला शिकवतील, तुझं पाठांतर आम्हा दोघांपेक्षा चांगलं आहे. या खेळाला चार माणसं लागत नाहीत, आई. तीन लागतात, प्रत्येकी चाळीस पानं. बाबा, मी आणि तू. म्हणून नाही म्हणू नकोस.

फोटो पाठवा. पट्टी विसरू नका.

तुमची,
बेबी